मीटरवर दोनशे तीस, तरी मशिन बंद: मंगळवार पेठेतल्या एका इन्व्हर्टरचं प्रकरण

रात्री साडेनऊला फोन आला तेव्हा शाहूपुरीतल्या दुकानाचं शटर मी अर्धं ओढलं होतं. बाहेर पाऊस धो धो. मंगळवार पेठेतलं एक घर, दोन वर्षांपूर्वी मी त्यांचा स्टॅबिलायझर दुरुस्त केला होता. पलीकडून सूनबाई बोलत होत्या, "दादा, लाइट गेलीय. आबांचं ऑक्सिजनचं मशिन इन्व्हर्टरवर अर्धा तासबी चालंना. गरम होतंय आणि बोंबलायला लागतंय. सिलिंडर लावलाय, पण एकच हाय."

आबा म्हणजे त्यांचे सासरे, वय ७४. सगळी हयात उद्यमनगरच्या फाउंड्रीत मोल्डर म्हणून गेली. वाळू आणि धूर छातीत बसला तो बसलाच. डॉक्टरांनी घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं हे मशिन, लावायला सांगितलेला, मिनिटाला दोन लिटर, दिवसातले बरेच तास. मशिन पाच लिटर क्षमतेचं, पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ३५० वॉट.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय कारण यात कुणीच खोटं बोलत नव्हतं. आठवड्यापूर्वी एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने इन्व्हर्टरच्या आउटपुटला मीटर लावून घरच्यांना आकडा दाखवला: २२८. "इन्व्हर्टर ओके आहे, मशिन बघून घ्या." मशिनवाल्यांचा माणूस आला, त्याने लाइनवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेवर, दोन तास मशिन चालवलं, ऑक्सिजनची शुद्धता तपासली. "मशिन ओके आहे, इन्व्हर्टर बघून घ्या." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आणि लाइट गेली की आबांची नळी मात्र सिलिंडरला.

कोल्हापुरात पावसाळ्यात लाइट जाणं नवीन नाही. झाड तारेवर पडतं, फीडर उडतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली, तेव्हा कित्येक भाग दिवसच्या दिवस अंधारात होते. त्या अनुभवानंतर या घरानं इन्व्हर्टर घेतला: ८५० व्हीएचा, १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी. तेव्हा घरात कॉन्सन्ट्रेटर नव्हता. चार पंखे, सहा-सात दिवे आणि टीव्ही, एवढ्यासाठी घेतलेली वस्तू होती ती, आणि तेवढ्यासाठी ठीकच होती.

मी पोहोचलो तेव्हा आबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. सिलिंडरचा काटा निम्म्याच्या जरा वर. म्हणजे हाताशी वेळ होता, पण रात्रभराचा नव्हता. दुकानातून निघताना मी माझ्या वापरातला एक प्युअर साइन, म्हणजे लाइनसारखी गोल लहर देणारा, इन्व्हर्टर आणि भरलेली बॅटरी गाडीत टाकून आणली होती. आधी ती जोडली, मशिन त्यावर सुरू केलं, आबांची नळी परत मशिनला लावली. पंधरा मिनिटं शेजारी बसून राहिलो. आवाज नेहमीसारखा, हिरवा दिवा, अंगाला हात लावला तर कोमट. मग शोधाशोध. माणूस मशिनवर असताना आधी त्याची सोय, मग आपलं कुतूहल, हा क्रम चुकवायचा नाही असं मी माझ्याकडच्या पोरांनाही सांगतो.

साधे संशय आधी संपवले. बॅटरीचे टर्मिनल घट्ट, पाण्याची पातळी बरोबर, लोडवर १२.१ व्होल्ट. वायरिंग नीट, न्यूट्रल सैल नाही. घरातल्या इन्व्हर्टरवर पंखे चालू होते आणि त्यांची घरघर जिन्यापर्यंत ऐकू येत होती. वहिनी म्हणाल्या, "पंखा पाचवर असला की कमी बोंबलतो, तीनवर लई." ही खूण महत्त्वाची होती. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होते, तिचा आकार म्हणजे लहर. रेग्युलेटर ही लहर कापून पंख्याला देतो, आणि लहरच मुळात वेडीवाकडी असली की कापल्यावर ती आणखी बिघडते. दुसरी खूण देवघरात सापडली. तिथला छोटा एलईडी दिवा चार महिन्यांत तीनदा गेला होता. टीव्हीला मात्र कधी काही झालं नव्हतं, राउटरलाही नाही. "टीव्ही चालतोय म्हणजे करंट चांगलाच असणार की," असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं.

मी दोन मीटर काढले. एक साधा, बहुतेक वायरमनच्या खिशात असतो तसला. दुसरा ट्रू आरएमएस, म्हणजे लहरीचा आकार कसाही असला तरी तिचं परिणामी व्होल्टेज (आरएमएस) खरंखरं मोजणारा. दोन्ही एकाच सॉकेटला लावले. साधा म्हणाला २२८. ट्रू आरएमएस म्हणाला २६०.

एकाच सॉकेटमध्ये ३२ व्होल्टचा फरक. आबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "कुठला खरा?"

उत्तर द्यायला लहर बघावी लागणार होती. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा हातातला स्कोप आहे, लहर पडद्यावर काढून दाखवतो तो, आणि त्याला शंभरास एकचा प्रोब, म्हणजे व्होल्टेज शंभरपट कमी करून स्कोपला देणारी वायर. घरात असल्या मापाला मी मेनवर चालणारा टेबलावरचा स्कोप कधीच वापरत नाही. त्याच्या प्रोबची चिमटी अर्थिंगला जोडलेली असते. ती चुकून फेजला लागली तर सरळ शॉर्ट होतो, प्रोब जळतो आणि धरणारा माणूसही सापडतो. हे वाचून कुणी घरी प्रयोग करणार असेल तर एवढी एक गोष्ट आधी लक्षात ठेवा.

पडद्यावर जे दिसलं ते असं. रेघ शून्यावर आडवी. मग एकदम उभी चढून ३३० व्होल्टवर. तिथे सपाट, ६.२ मिलिसेकंद. मग एकदम खाली शून्यावर, ३.८ मिलिसेकंद स्वस्थ. मग तशीच खाली उणे ३३० वर. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या बाजूने बघाव्यात तशी. कुठे गोलाई म्हणून नाही. याला बाजारात मॉडिफाइड साइन म्हणतात, कुणी सेमी साइन, कुणी क्वाझी साइन. नावात साइन आहे, लहरीत नाही. खोक्यावर यातलं एखादं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि घेणाऱ्याला वाटतं थोडंसं कमी पण साइनच असेल. माझ्या मते ही नावं ग्राहकाची दिशाभूल करतात. चौकोनी लहर मधे थोडी थांबवली, एवढंच झालेलं असतं.

आता दोन मीटरांचं भांडण. साधा मीटर आरएमएस मोजतच नाही. तो लहर एकदिश करून तिची सरासरी काढतो आणि १.११ ने गुणून आकडा दाखवतो. १.११ का, तर शुद्ध साइन लहरीत आरएमएस आणि सरासरी यांचं प्रमाण तेवढं असतं. म्हणजे मीटर बनवणाऱ्याने गृहीतच धरलंय की समोर साइन असणार. आपल्या पायऱ्यांच्या लहरीत ३३० व्होल्ट ६२ टक्के वेळ आहेत, बाकी वेळ शून्य. सरासरी झाली २०५. गुणिले १.११, झाले २२८. खरी आरएमएस मात्र ३३० गुणिले ०.६२ चं वर्गमूळ, म्हणजे २६०. कागदावर दोन ओळींचं गणित, आणि दोन्ही मीटरांचे आकडे तंतोतंत येतात. मीटर बिघडलेला नव्हता. त्याला वेगळाच प्रश्न विचारला होता, त्याने त्याचं उत्तर दिलं.

आधीच्या मेकॅनिकने काय केलं असणार तेही यातून उलगडलं. इन्व्हर्टरच्या आत कार्डावर एक छोटा प्रीसेट असतो, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा. त्याने लहरीची उंची बदलत नाही, कारण उंची ठरते बॅटरीच्या व्होल्टेजवर आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांवर. बदलते ती सपाट भागाची रुंदी. साध्या मीटरवर आकडा कमी दिसला असणार, म्हणून त्याने २३० च्या आसपास येईपर्यंत प्रीसेट फिरवला. प्रीसेट हलू नये म्हणून त्यावर लावलेला लाखेचा ठिपका तुटलेला होता.

इथे मलाही वाटलं की कारण सापडलं. व्होल्टेज जास्त, म्हणून मशिन तापतं. सोपा इलाज: खरी आरएमएस २३० करा. आबांची नळी तोवर सिलिंडरला लावायला सांगितली आणि मशिन घरच्या इन्व्हर्टरवर घेतलं. ट्रू आरएमएस मीटर बघत प्रीसेट मागे फिरवला. २३० आलं. सपाट भाग उरला ४.९ मिलिसेकंदाचा. साधा मीटर आता १७८ दाखवत होता.

मशिन आधीपेक्षा वाईट चाललं. कॉम्प्रेसर सुरू होताना कण्हला, कसाबसा फिरू लागला, आवाज जड. सात-आठ मिनिटांत शुद्धतेचा हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला.

या वळणावर मी जरा वेळ थांबलो, वहीत आकडे मांडले, आणि या प्रकरणातली खरी गोष्ट मला तिथे कळली. आधीचा मेकॅनिक पूर्ण चुकला नव्हता, आणि माझा इलाज पूर्ण बरोबर नव्हता.

कॉन्सन्ट्रेटर करतो काय, तर कॉम्प्रेसरने हवा दाबून झिओलाइटच्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने सोडतो. झिओलाइट दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतो, उरलेला ऑक्सिजन पुढे जातो, ९० ते ९५ टक्के शुद्ध. दाब कमी पडला की नायट्रोजन नीट धरला जात नाही, शुद्धता घसरते. म्हणजे सगळा खेळ मोटरच्या ताकदीवर. आणि कपॅसिटर लावलेली ही सिंगल फेज मोटर आरएमएस बघून फिरत नाही. ती ताकद घेते लहरीतल्या मूळ ५० हर्ट्झच्या भागातून.

वरचा आणि खालचा भाग सारखाच असलेली, पुन्हापुन्हा येणारी कुठलीही लहर ही मूळ वारंवारितेची एक साइन आणि तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारितेच्या छोट्या साइन यांची बेरीज असते. या पटीतल्या भागांना हार्मोनिक म्हणतात. पूर्ण चौकोनी लहरीत तिसरा हार्मोनिक मूळच्या ३३ टक्के, पाचवा २० टक्के, सातवा १४ टक्के. पायऱ्यांच्या लहरीत सपाट भागाची रुंदी बदलली की हे प्रमाण बदलतं. सपाट भाग अर्ध्या आवर्तनाच्या बरोबर दोन तृतीयांश ठेवला तर तिसरा हार्मोनिक नाहीसाच होतो, ही त्या लहरीची एक सुंदर खुबी आहे.

मेकॅनिकने ठेवलेली रुंदी, ६२ टक्के, या जागेच्या जवळच होती. तिथे तिसरा हार्मोनिक जेमतेम ९ टक्के, पण पाचवा २४ टक्के. मूळ ५० हर्ट्झचा भाग २४६ व्होल्ट, म्हणून मोटरला ताकद भरपूर. मी रुंदी ४९ टक्क्यांवर आणली तेव्हा आरएमएस २३० झाली खरी, पण मूळ भाग २०५ व्होल्टवर आला आणि तिसरा हार्मोनिक ३६ टक्क्यांवर उडाला. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणजे २३० च्या मानाने पाचवा हिस्सा गेला. कॉम्प्रेसर कण्हणारच.

एका बाजूला ताकद पण ताप, दुसऱ्या बाजूला आकडा बरोबर पण ताकद नाही. प्रीसेट कुठेही ठेवला तरी दोन्ही एकदम मिळत नव्हतं, कारण दोष आकड्यात नव्हताच, आकारात होता.

मी हे आबांना माझ्या परीने सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग नळी जरा बाजूला करून म्हणाले, "म्हंजे कास्टिंगचं वजन बरोबर भरलंय, पण आतून कोअर सरकलाय. काट्यावर बघून कळायचं न्हाई त्ये. मशिनिंगला घेतल्यावर कळतंय." मी इतकी वर्षं हा विषय लोकांना समजावतोय, इतका नेमका दाखला मला सुचला नव्हता.

आता मोटर तापत का होती? लाइनवर (हे माप नंतर लाइट आल्यावरचं) मशिनचा करंट १.५२ अँपिअर होता. घरच्या इन्व्हर्टरवर, मेकॅनिकच्या सेटिंगला, ट्रू आरएमएस क्लॅम्पवर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या मीटरवर, २.१ आला. दीडपटही नाही, असं वाटतं. पण तांब्याच्या वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे जवळजवळ दुप्पट. वाढीव करंट कुठून आला त्याचं उत्तर मोटरच्या कपॅसिटरमध्ये आहे, ज्याला आपल्याकडे सगळे कंडेन्सर म्हणतात. त्यावर १० मायक्रोफॅरॅड लिहिलेलं होतं. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ३१८ ओहम. पाचव्या हार्मोनिकला, म्हणजे २५० हर्ट्झला, तोच अडथळा ६४ ओहम. उच्च वारंवारितेला कंडेन्सर दार उघडून देतो. तो करंट मोटर फिरवायला काही मदत करत नाही, तांबं आणि लोखंड तापवतो आणि थरथर करतो. मोटरच्या गाभ्यातल्या लोखंडी पत्र्यांमध्ये गोल फिरणाऱ्या प्रवाहांचं नुकसान तर वारंवारितेच्या वर्गाने वाढतं. लाइनवर वीस मिनिटांनी कॉम्प्रेसरचं अंग ५८ अंश होतं, इन्व्हर्टरवर तेवढ्याच वेळात ७४. पुढे पाच मिनिटांत आतला थर्मल कटआउट उडायचा. मशिनने स्वतःला वाचवलं, हे त्याचं चांगलंच.

पंख्याची घरघर याच घराण्यातली. त्यात फक्त ताप कमी आणि आवाज जास्त, म्हणून लोक ती वर्षानुवर्षं सोसतात.

देवघरातल्या दिव्याची गोष्ट निराळी आहे आणि मला ती फार आवडते. स्वस्त छोट्या एलईडी दिव्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कपॅसिटर लाइनच्या वाटेत बसवून करंट आवरलेला असतो. अशा दिव्यातून एका आवर्तनात किती विद्युतभार जाणार हे फक्त लहरीच्या शिखरावर ठरतं, आकारावर नाही. लाइनचं शिखर ३२६ होतं, इन्व्हर्टरचं ३३०. म्हणजे सरासरी करंट सारखाच, उजेडही सारखाच. पण लाइनवर तो करंट सावकाश, चढउताराबरोबर येतो. पायऱ्यांवर तो फक्त उभ्या कडेच्या क्षणी येतो, सगळा एका घोटात. मधल्या सपाट भागात काहीच नाही. दिव्याच्या आतला बारीकसा रेझिस्टर आणि एलईडी तो घोट प्रत्येक कडेला झेलतात, सेकंदाला दोनशे वेळा. वहिनींनी जपून ठेवलेला एक गेलेला दिवा उघडला तर रेझिस्टर काळा पडून मधोमध तडकलेला होता.

टीव्हीला काही का होत नाही, तेही शिखरामुळेच. टीव्ही, राउटर, मोबाइलचा चार्जर यांच्या दाराशीच डायोड आणि मोठा कपॅसिटर असतो. तो लहरीच्या शिखरापर्यंत भरतो आणि पुढचं काम त्या साठ्यातून चालतं. शिखर सारखं, मग त्याला लहर गोल काय आणि चौकोनी काय. एका घरात एकाच सॉकेटवर निम्म्या वस्तू शिखर बघतात, इस्त्री आणि पिवळा बल्ब आरएमएस बघतात, मोटर मूळ ५० हर्ट्झ बघते. म्हणून "टीव्ही चालतोय" हा इन्व्हर्टर चांगला असल्याचा पुरावा धरायचा नाही.

त्या रात्री माझा इन्व्हर्टर तिथेच ठेवून मी घरी आलो. लाइट पहाटे कधीतरी आली.

दुसऱ्या दिवशी घरचा मुलगा दुकानात आला. नवीन इन्व्हर्टरवर खर्च करायचा तर समजून करायचा, असं त्याचं म्हणणं, आणि ते रास्त होतं. मी टेबलावर तीन इन्व्हर्टर मांडले. एक भंगारात काढलेला जुना चौकोनी लहरीचा, एक मॉडिफाइड, एक प्युअर साइन. लोड म्हणून दुकानातला टेबल फॅन आणि एक ६० वॉटचा पिवळा बल्ब. आबांच्या मशिनवर चौकोनी लहरीचा प्रयोग करायचा प्रश्नच नव्हता.

चौकोनीची लहर म्हणजे वर २१५, खाली २१५, मधे थांबा नाही. ट्रू आरएमएस २१५, साधा मीटर २३९. म्हणजे इथे साधा मीटर उलट्या दिशेला चुकला, जास्त दाखवला. हे लोकांच्या लक्षात येत नाही: साधा मीटर एकाच बाजूला चुकला असता तर सवयीने दुरुस्ती करता आली असती. तो चौकोनीवर वर चुकतो आणि अरुंद पायऱ्यांवर खाली. आणि शिखर फक्त २१५, म्हणजे टीव्हीच्या आतला साठा लाइनच्या मानाने दोन तृतीयांशच भरणार. आजचे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात म्हणून निभावतं. टेबल फॅन त्यावर असा काही वाजला की शेजारच्या दुकानातून विचारणा झाली. मॉडिफाइडवर घरघर कमी पण स्पष्ट. प्युअर साइनवर फक्त हवेचा आवाज.

प्युअर साइनच्या आतही मॉसफेट, म्हणजे करंट उघडबंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, तेच असतात आणि बॅटरीही तीच. फरक असा की ते अर्ध्या आवर्तनात एकदाच उघडबंद न होता सेकंदाला हजारो वेळा होतात, आणि प्रत्येक वेळचा उघडा काळ साइनच्या हिशेबाने कमीजास्त केलेला असतो. मग ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुटवरचा कपॅसिटर मिळून ते तुकडे गाळून गुळगुळीत करतात. स्कोपवर टेबल फॅन लावून बघितलं: शिखर ३२१, ट्रू आरएमएस २२८, साधा मीटरही २२८. दोन्ही मीटरांचं एकमत झालं. ही मला सगळ्यांत सोपी कसोटी वाटते. ज्याच्याकडे स्कोप नाही त्याने एक साधा आणि एक ट्रू आरएमएस मीटर एकाच सॉकेटला लावावेत. दोन्ही एकदोन व्होल्टच्या आत आले तर लहर बहुधा साइनच्या जवळची आहे. दहा-वीस व्होल्टचं अंतर पडलं तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, ती साइन नाही. मात्र ही कसोटी लोड लावून करायची. हलक्या लोडवर देखणी दिसणारी लहर भरल्या लोडवर डोक्यावर चपटी झालेली मी बघितली आहे.

दुकानातली लाइनही त्याच स्कोपवर दाखवली. ती पुस्तकातली साइन नसते. शिखर ३२६, आरएमएस २३६. शुद्ध साइन असती तर शिखर ३३४ हवं. डोकं जरा चेपलेलं. सगळ्या पेठेतले टीव्ही, संगणक, चार्जर शिखरावरच करंट ओढतात, त्याने लाइनचं शिखर घासलं जातं. एवढं मोटरला सहज चालतं.

मग निर्णय. लहरीबरोबर वेळेचाही हिशेब करायला हवा होता. घरची एक बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातलं सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त काढू नये, इन्व्हर्टरमध्ये आणखी पंधरा-वीस टक्के जातात. हातात उरतं हजारच्या आसपास. मशिन, दोन पंखे आणि दिवे मिळून साडेचारशे वॉट धरले तर दोन तास आणि थोडं वर. शिवाय एवढा लोड १२ व्होल्टच्या बॅटरीतून पन्नासच्या आसपास अँपिअर ओढतो, तिची क्षमता मोजलेली असते याच्या कितीतरी कमी करंटवर. म्हणजे प्रत्यक्षात दोन तासही भरवशाचे नाहीत.

म्हणून कॉन्सन्ट्रेटरसाठी वेगळा प्युअर साइन इन्व्हर्टर सुचवला, २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा, १५०० व्हीए. लोड ३५० वॉट असताना १५०० कशाला, असं मुलाने विचारलं. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि लाइट गेल्यावर मशिन आत दाब असतानाच पुन्हा सुरू व्हायला बघतं. तेव्हा अंगात जोर हवा. फक्त मशिन लावलं तर पाच-साडेपाच तास निघतात. या इन्व्हर्टरवर दुसरं काहीही जोडायचं नाही, मोबाइलचा चार्जरसुद्धा नाही, हे मी आजींनाही वेगळं सांगितलं, कारण दिवसभर घरात त्याच असतात. सिलिंडरही काढायचा नाही. इन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी पाच तासांनंतर तो बॅटरीच असतो. सिलिंडर दोन ठेवावेत की कसं, ते डॉक्टरांना विचारा, असं सांगितलं.

बसवल्यावर पहिल्या दिवशी लाइन बंद करून चार तास सलग चालवून बघितलं. मी तासातासाला नोंद केली. करंट १.५५ ते १.५७ च्या मधे, अंगाचं तापमान ५९ ला जाऊन थांबलं, शुद्धतेचा दिवा एकदाही बदलला नाही. चौथ्या तासाला बॅटरी बरीच उतरल्यावर लहरीचं डोकं किंचित चपटं झालं, दोन मीटरांमध्ये एक व्होल्टचा फरक पडला, पुढे नाही. आबा त्यातले दोन तास झोपले होते.

राहिला जुना इन्व्हर्टर. तो फेकायची गरज नव्हती. पंखे, दिवे आणि टीव्ही त्याच्यावरच ठेवले, मूळ कामाला. देवघरात चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी दिवा लावला. प्रीसेट कुठे ठेवायचा यावर मात्र मी बराच विचार केला. २६० आरएमएस जास्त होती, २३० ला पंखे मंद. शेवटी खरी आरएमएस २४० वर ठेवली, सपाट भाग ५.३ मिलिसेकंद. प्रीसेटवर नवीन लाखेचा ठिपका दिला.

आणि झाकण बंद करण्याआधी आतल्या बाजूला जाड पेनने लिहून ठेवलं, पुढे जो कुणी उघडेल त्याच्यासाठी: "लहर मॉडिफाइड आहे. ट्रू आरएमएस २४०. साध्या मीटरवर १९४ दिसेल, ते बरोबर आहे. प्रीसेट वाढवू नये. ऑक्सिजनचं मशिन यावर लावू नये." खाली तारीख आणि बॅटरीचं त्या वेळचं व्होल्टेज, १२.६.